थोर गिटारवादक: नुसती नावं नकोत, हात दाखवा

खर्ज_पंचम (धागाकर्ता)

'जगातले सर्वश्रेष्ठ गिटारवादक' छापाच्या याद्या सतत निघतात आणि त्यांत तीच पंधरा-वीस नावं वरखाली होत राहतात. बहुतेक रॉकवाले, बहुतेक अमेरिका-इंग्लंडचे. इथे नियम वेगळा. ज्याचं नाव घ्याल त्याच्या हातात नेमकं काय वेगळं घडत होतं ते लिहायचं: कुठलं बोट, कुठली तार, कुठला फ्रेट (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी कुठली). आपण ते करायला गेलो की कुठे फसतं, तेही. 'काय जादू आहे हो त्याच्या बोटांत' हे प्रतिसाद प्रेमाने वाचले जातील, पण धरले जाणार नाहीत.

बोटांची नावं मराठीतच ठेवू: अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी. पहिली तार म्हणजे सगळ्यांत बारीक, सहावी म्हणजे सगळ्यांत जाड.

मी नाव घेतो ते जॅझवाल्या जँगो राइनहार्टचं. जन्म १९१०, बेल्जियम. मृत्यू १९५३, फ्रान्स. १९२८ मध्ये राहत्या कॅरॅव्हॅनला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. वय अठरा. त्यानंतरचे सगळे सोलो तर्जनी आणि मध्यमा या दोनच बोटांवर.

चार बोटांचा माणूस एका जागी हात ठेवून चार फ्रेट सांभाळतो. दोन बोटांच्या माणसाला ती सोय नाही, त्याला गळ्यावरून तिरपं धावावंच लागतं. ए मायनरचे सूर (ए, सी, ई) असे घेऊन बघा, आकडे फ्रेटचे:

सहावी तार: ५, ८
पाचवी: ७
चौथी: ७, १०
तिसरी: ९
दुसरी: १०, १३
पहिली: १२, १७

एका तारेवर दोन, पुढच्या तारेवर एक, असा तीन-तीनचा गुच्छ वर सरकत जातो. पिकची (तार छेडायच्या चकतीची) दिशा खाली-वर-खाली, पुन्हा खाली-वर-खाली. म्हणजे नवी तार आली की ठोका खालूनच सुरू, मग आधीचा ठोकाही खालचाच का असेना. खालचा ठोका मारल्यावर पिक पुढच्या तारेवर टेकून थांबतं, त्यामुळे नवी तार आपोआप हाताशी येते. एक खाली, एक वर अशी सवय लागलेल्यांचा हात इथेच अडतो. दुसरी चूक पातळ पिकची. ०.७ मिलिमीटरचं पिक तारेवर टेकताना वाकतं आणि 'टिक' असा आवाज येतो. या शैलीत निदान अडीच-तीन मिलिमीटरचं जाड पिक लागतं.

मेट्रोनोम६०

जँगोला +१. पण तुम्ही अर्धीच बाजू सांगितलीत. निकामी बोटं कॉर्डमध्ये (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीत) कामाला यायची. आखडलेली अनामिका-करंगळी तो पहिल्या-दुसऱ्या तारेवर नुसती टेकवायचा आणि खर्जासाठी लागला तर अंगठा वरून घ्यायचा. म्हणून या शैलीतल्या कॉर्ड लहान आणि आटोपशीर असतात. ए मायनर सिक्स घ्या, सहाव्या तारेपासून पहिलीकडे: ५ × ४ ५ ५ × (× म्हणजे ती तार वाजवायची नाही). मध्यमा सहाव्या तारेवर, तिच्याच टोकाने पाचवी तार बंद. तर्जनी चौथीवर. अनामिका आडवी टाकून तिसरी आणि दुसरी. यात ए, एफ शार्प, सी, ई असे चार सूर आहेत. बेसवाला डी वाजवत असेल तर हाच आकार डी नाइन म्हणून खपतो. एक आकार, दोन कामं.

ठेक्याला 'ला पाँप' म्हणतात. पहिल्या-तिसऱ्या मात्रेला जाड तारा, दुसऱ्या-चौथ्या मात्रेला सगळ्या तारा, तुटक. तुटक कसं करायचं? उजव्या हाताने नाही. ठोका पडताक्षणी डाव्या हाताची पकड सैल करायची, बोटं तारेवरून उचलायची नाहीत. उचललीत तर मोकळ्या तारा वाजतात आणि सगळा बाज जातो. लय २०० च्या वर गेली की लोक कोपरातून हात हलवतात आणि दोन मिनिटांत मागे पडतात. मनगट सैल हवं, ओला हात झटकतो तसं.

सातवा_फ्रेट

जँगोचं नाव निघालंय तर टोनी आयोमी आलाच पाहिजे. हेवी मेटलचा आवाज ज्याच्या हातून आला तो माणूस, बर्मिंगहॅमचा. डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. १९६५ मध्ये, वय सतरा, पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात मध्यमा आणि अनामिकेची टोकं गेली. आता वाजवणं संपलं असं धरून बसला असताना कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं.

टोपणातून तारेचा दाब कळत नाही, म्हणून तारा हलक्या हव्यात. तेव्हा हलके संच सहज मिळत नसत, त्याने बँजोच्या तारा चढवल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त काही गाण्यांना गिटार दीड सूर, म्हणजे तीन अर्धस्वर, खाली लावली. त्यानंतरच्या मेटलवाल्यांनी हा खालचा सूर घराण्याचा असल्यासारखा उचलला.

आता हिशोब. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तीन अर्धस्वर खाली म्हणजे कंपनसंख्या ०.८४ पट, ताण ०.७१ पट. २९ टक्के ताण गेला. दाबायला मऊ, पण त्याच तारा ठेवल्या तर तीन गोष्टी बिघडतात: सहावी तार फ्रेटवर खरखरते, जोरात मारली की सुरुवातीला सूर चढा लागतो, आणि तारांची ओढ कमी झाल्याने नेक (गळा) मागे सरळ होतो, त्यामुळे पहिल्या तीन-चार फ्रेटवर खरखर वाढते.

नवशिका_नाशिक

शंका. १० चा संच (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) असेल आणि गिटार तीन अर्धस्वर खाली ठेवायची असेल तर कुठला घ्यावा?

सातवा_फ्रेट

ताण तोच हवा असेल तर जाडी १.१९ पट. १० ची ११.९, म्हणजे १२ चा संच. पण १२ च्या संचात तिसरी तार बहुतेक वेळा गुंडाळलेली येते, ती ओढून मींड घेता येत नाही. ११ चा घ्या, तिसरी साधी असलेला. जाड तार नटच्या (गळ्याच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकली की ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येतो आणि सूर उडी मारतो. खाच रुंद करावी लागेल, आणि तीही दुकानातल्या माणसाकडून. खोल गेली तर नट बदलण्याशिवाय इलाज नाही. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळवून घ्या. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचा घोडा (सॅडल, ज्यावर तार टेकते) मागे न्यायचा, उतरा असेल तर पुढे.

कंपास_बारा

रॉक-जॅझ झालं, आता स्पेन. पाको दे लुसिया, आल्हेसिरासचा, १९४७ ते २०१४. फ्लेमेंकोत गिटार मुळात गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या साथीला. तिला एकटीला मंचावर बसवणारे आधीही होते, पण पाकोने ती सगळ्या जगाच्या मंचावर नेली. पेरूचा काहोन (हाताने वाजवायचा लाकडी खोका) फ्लेमेंकोत आणला तोही त्यानेच.

त्याचा पिकादो (दोन बोटांनी वाजवलेली एकेरी सुरांची धाव) ऐकून लोक 'वेग, वेग' करतात. वेग हा परिणाम आहे. कृती अशी: तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने, प्रत्येक ठोक्यानंतर बोट वरच्या जाड तारेवर टेकलं पाहिजे. हालचाल तळव्याजवळच्या सांध्यातून, मधल्या पेरातून नाही. अंगठा सहाव्या तारेवर टेकलेला. मेट्रोनोम ६० वर, एका मात्रेत चार ठोके, मोकळी पहिली तार. मग जोर फक्त तर्जनीवर, मग फक्त मध्यमेवर. दोन्ही सारख्या वाजल्या की चार-चारने वाढवा. इथे दोन आजार दिसतात. एक, मध्यमा लांब असल्याने तिचा आवाज जाड आणि ठोके लंगडे. मनगट किंचित अंगठ्याच्या बाजूला वळवलं की दोन्ही टोकं एका रेषेत येतात. दुसरा, तार बदलताना तेच बोट पुन्हा घसरवणं. हळू लयीत ते ऐकू येत नाही आणि १४० ला सगळं कोसळतं.

तालाचं एक सांगतो, कारण आपल्याकडे लोक बुलेरियाला (फ्लेमेंकोचा एक प्रकार) एकतालाच्या मापाने मोजायला जातात. बारा मात्रा दोन्हीकडे आहेत. पण एकतालाचे खंड २-२-२-२-२-२, तर बुलेरियाचे ३-३-२-२-२. मोजणी बारापासून: बारा एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ दहा अकरा. आधी फक्त टाळ्या द्या, गिटार बाजूला ठेवून. टाळी चुकणाऱ्याचा पिकादो कितीही स्वच्छ असला तरी फ्लेमेंकोवाला मान हलवणार नाही.

नायलॉनप्रेमी

स्पेनचंच दुसरं घर: आंद्रेस सेगोव्हिया, १८९३ ते १९८७. क्लासिकल गिटारला मोठ्या सभागृहात बसवण्याचं श्रेय त्याला देतात, ते खरंच आहे. माझ्या मते मात्र तारेचा बदल तितकाच मोठा. १९४० च्या दशकापर्यंत वरच्या तीन तारा तातीच्या असत, म्हणजे आतड्याच्या. महायुद्धात तात मिळेना, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टिनने ड्युपाँटच्या नायलॉनच्या तारा केल्या, आणि सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या. तात हवेतल्या ओलाव्याने फुगते, उसवते, मैफलीत तुटते. नायलॉनने तो त्रास संपवला.

आवाज नखाचा की मांसाचा, हा वाद जुना. सेगोव्हियाचा दोन्हींचा: तार आधी बोटाच्या टोकाला लागते, मग नखावरून सुटते. नख बोटापुढे दीड-दोन मिलिमीटर. चारशेच्या पॉलिश पेपरने आकार द्यायचा, हजारच्या पुढच्याने धार घालवायची. नखाचं टोक आकड्यासारखं खाली वळलं असेल तर तार अडकून 'खट' वाजते, मग लांबी कमी करण्याशिवाय उपाय नाही.

त्याच्याही आधीचा तारेगा (१८५२ ते १९०९) विसरू नका. ट्रेमोलोचा (एकच सूर भराभर पुन्हा छेडण्याचा) क्रम अंगठा-अनामिका-मध्यमा-तर्जनी. नव्वद टक्के लोकांचा ट्रेमोलो घोड्यासारखा दौडतो, कारण अनामिका आणि मध्यमा चिकटून येतात आणि तर्जनीनंतर भोक पडतं. उपाय: चारही बोटं एकाच तारेवर, लय निम्मी, आणि प्रत्येक बोट वाजवायच्या क्षणभर आधी तारेवर टेकवून आधीचा सूर तोडायचा. तुटक वाजवताना चारही तुकडे समान ऐकू आले की मग जोडायचं.

कोकणफ्रेट

अवांतर, पण नायलॉन निघालंच आहे म्हणून. तारेचा ओलावा गेला, लाकडाचा नाही गेला. रत्नागिरी-गोव्याकडे जूनपासून स्प्रूसची वरची फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची चार मिलिमीटरवरून पाचच्या जवळ जाते. अशा वेळी सॅडल घासू नये. दिवाळीनंतर फळी परत बसते आणि घासलेल्या सॅडलवर तारा खरखरतात. बंद पेटीत ठेवा, सिलिका जेलच्या पिशव्या घाला, आत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहते का ते छोट्या हायग्रोमीटरने बघा. भिंतीवर टांगलेली गिटार चार महिने स्पंज होते.

अंगठा_छाप

वेस माँटगोमेरी. इंडियानापोलिस, १९२३ ते १९६८. पिक नाही, नुसता अंगठ्याचा मांसल भाग, त्यामुळे ठोक्याला टोक नसतं, सूर गोल येतो. त्याची खूण म्हणजे जोडसप्तक, एकच सूर दोन सप्तकांत. सहाव्या-चौथ्या आणि पाचव्या-तिसऱ्या जोडीत बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे. चौथ्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-पहिल्या जोडीत तीन फ्रेट पुढे. हा फरक का? तिसरी आणि दुसरी तार यांच्यातलं अंतर बाकीच्यांपेक्षा अर्ध्या स्वराने कमी आहे.

खरं काम मधली तार गप्प ठेवण्याचं. तर्जनीचं टोक जाड तार दाबतं आणि तिचाच पोटाचा भाग मधल्या तारेला नुसता शिवतो. तिसऱ्या-पहिल्या जोडीत अनामिकेऐवजी करंगळी घ्या, नाहीतर तर्जनी सपाट राहत नाही. एवढं झालं की अंगठा तिन्ही तारांवरून बेधडक फिरवता येतो.

मींडवाला

आपल्या कानाला सगळ्यांत जवळचा बी. बी. किंग (१९२५ ते २०१५). कॉर्ड जवळपास नाहीत; एक सूर, त्याची मींड, त्याचं आंदोलन. ए मध्ये वाजवताना त्याची जागा दुसऱ्या तारेच्या दहाव्या फ्रेटभोवती. तोच षड्ज, तर्जनीखाली. बारावा फ्रेट म्हणजे रिषभ. तो ओढून कोमल गंधारापर्यंत न्या, मग शुद्ध गंधारापर्यंत. ब्लूजचा गंधार या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो आणि तो मधला बिंदू दर वेळी तोच लागला पाहिजे. पडताळा सोपा: आधी तेराव्या आणि चौदाव्या फ्रेटवर ते सूर नुसते दाबून ऐका, मग ओढा. सूर कमी पडत असेल तर एकट्या अनामिकेने ओढताय. मागे मध्यमा आणि तर्जनी लावा, ढकलायचं बोटाने नाही, मनगट फिरवून, कुलपात किल्ली फिरवतो तसं.

आंदोलनाच्या वेळी मात्र उलटं. अंगठा नेकवरून सुटतो, पंजा मोकळा होतो आणि तर्जनीच्या टेकूवर आख्खा हात फडफडतो. अंगठा घट्ट धरून हे कधीच येत नाही.

आडवी_गिटार

मींडेचा विषय आणि ब्रिजभूषण काब्रा यांचं नाव नाही? जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. हवाईयन गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी बार. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त संतूर आणि बासरीबरोबर गिटार त्यांचीच, आणि तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. तोवर इथे हवाईयन गिटार म्हणजे सिनेमाच्या गाण्यांच्या धुना, हा समज त्या रेकॉर्डने बराच पुसला. पुढे जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी तिला चिकारी आणि तरफा जोडून मोहनवीणा केली आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबर १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं.

करून बघणाऱ्यांसाठी: नट उंच करून तारा पट्टीपासून आठ-दहा मिलिमीटर वर उचलायच्या. फ्रेट आता नुसत्या खुणा. बार बरोबर फ्रेटच्या पट्टीच्या डोक्यावर हवा, साध्या गिटारसारखा तिच्या मागे नाही. आणि बसल्या जागेवरून तिरकं बघितलं की बार जागेवर दिसतो आणि सूर मात्र उतरा लागतो, ही पहिल्या महिन्यातली हमखास फसगत. डोकं तारेच्या वर आणून बघा. बारच्या मागे अनामिका आणि करंगळी तारांवर हलकी ओढत न्यायची, नाहीतर बारच्या मागचा तुकडा भुतासारखा कुंईकुंई करतो.

तिरका_पिकअप

जिमी हेंड्रिक्सचं (१९४२ ते १९७०) नाव सगळे घेतात, कारण कोणी सांगत नाही. डावखुरा माणूस उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारा बदलून वाजवतोय. ब्रिजजवळचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारं चुंबक) मुळात तिरका असतो, बारीक तारांची बाजू ब्रिजजवळ. गिटार उलटली की जाड तारा ब्रिजजवळ येतात आणि बारीक लांब जातात. म्हणून त्याचा खर्ज कडक आणि वरचे सूर गोलसर. शिवाय सहावी तार तो अंगठ्याने वरून दाबायचा, त्यामुळे चार बोटं कॉर्ड चालू असताना मधे छोट्या हरकती घ्यायला मोकळी. लहान हाताच्या लोकांनी अंगठ्याचा हट्ट धरू नये, मनगट दुखतं. पाचव्या तारेवर पाया असलेले आकार घ्या: × ७ ६ ७ ८ ×, ई सेव्हन शार्प नाइन, त्याची लाडकी कॉर्ड.

मेट्रोनोम६०

सगळी यादी पुरुषांची झाली. दोन नावं. मेबेल कार्टर (१९०९ ते १९७८): अंगठा जाड तारांवर धून वाजवतो, तर्जनी बारीक तारांवर कॉर्ड झाडते. एका गिटारवर गाणं आणि साथ दोन्ही, अमेरिकेतल्या कंट्री गिटारचा पाया. आणि एलिझाबेथ कॉटन: डावखुरी, उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी. म्हणजे खर्ज बोटांकडे आणि धून अंगठ्याकडे, सगळ्या जगाच्या उलट. तिची नक्कल सरळ गिटारवर हुबेहूब होत नाही, कारण धुनीला अंगठ्याचा जाड ठोका मिळत नाही. रोझेटा थार्पवर कोणीतरी वेगळं लिहा, तिचा हिशोब दोन ओळींत बसत नाही.

नवशिका_नाशिक

एडी व्हॅन हेलन राहिला! टॅपिंगचा जनक.

सातवा_फ्रेट

जनक नव्हे. उजव्या हाताने फ्रेटवर ठोकणं त्याच्या आधी होतं. स्टीव्ह हॅकेट १९७१ मध्येच करत होता. एडीने १९७८ च्या पहिल्या अल्बममध्ये ते इतक्या स्वच्छ सलग रचनेत मांडलं की तेव्हापासून ते त्याच्या नावावर. स्वच्छतेचं गमक ठोकण्यात नाही, सोडण्यात आहे. बोट सरळ वर उचललं की पुढचा सूर मेलेला. तार किंचित बाजूला खेचून सोडायची. बाकीच्या मोकळ्या तारा गुणगुणतात, त्यासाठी पहिल्या फ्रेटजवळ केसांचा कापडी रबर गुंडाळा.

आणि एक धोक्याची सूचना. एडी ॲम्पला व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) कमी व्होल्टेज द्यायचा, हे वाचून इथे २३० व्होल्टवर कोणी प्रयोग करू नका. ट्यूब ॲम्पच्या आत चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि हिटर अर्धवट तापले की ट्यूबा लवकर जातात. मास्टर व्हॉल्यूम असलेला ॲम्प तेच काम करतो.

कोकणफ्रेट

फादोसाठी (पोर्तुगालची गाणी) गोव्यात ज्या पोर्तुगीज गिटारचं नाव निघतं, तिचा कार्लोस परेदेस (१९२५ ते २००४) घ्या यादीत. बारा तारा, सहा जोड्या, कोइंब्राचं लावणं लिस्बनपेक्षा एक पूर्ण सूर खाली. आपली सहातारी समजून हातात घेतलीत तर एकही आकार चालणार नाही, लावणंच वेगळं आहे.

नवशिका_नाशिक

तिरका_पिकअप, हेंड्रिक्सच्या आवाजासाठी जर्मेनियमचा फझ (आवाज फाटका करणारं पेडल) घेतला आहे. सकाळी छान, दुपारी घोगरा आणि तुटका. पेडल खराब आहे का?

तिरका_पिकअप

पेडल ठीक आहे, उन्हाळा वाईट आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती तापमानाबरोबर वाढते, बायस (ट्रान्झिस्टरचा ठरवलेला व्होल्टेज) सरकतो आणि सूर विझताना थुंकल्यासारखा तुटतो. एप्रिल-मे मध्ये सावलीत आणि पंख्याखाली ठेवा, ॲम्पवर तर अजिबात नको. बायसचा स्क्रू असेल तर पाव फेरा फिरवून बघा. नाहीतर सिलिकॉनचा घ्या, पुढे हेंड्रिक्सनेही तोच घेतला. फझच्या आधी बफर असलेलं पेडल लावू नका, गिटार थेट फझमध्ये. मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणलात की आवाज स्वच्छ होतो. तसं झालं नाही तर आधी वायरिंगचा क्रम तपासा.